इंटेल मॅकवरून ॲपल सिलिकॉनवर जाताय? ग्राफिक्स कार्डाचा हिशोब आधी मांडा

सरळ उत्तर आधी देतो. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या कुठल्याही मॅकला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावून त्यावर ॲप्स किंवा स्क्रीन चालवता येत नाही. थंडरबोल्टच्या केबलने जोडायच्या बाहेरच्या बॉक्समध्ये घालून नाही, मॅक प्रोच्या स्लॉटमध्ये बसवूनही नाही. २०२० सालच्या पहिल्या एम१ पासून हे असंच आहे. एखादं सेटिंग बदलून किंवा कुठूनतरी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मिळवून यात फरक पडत नाही. 'माझ्याकडे चालतंय' असा व्हिडिओ दिसला तर त्यातला मॅक इंटेलचा आहे का, ते आधी बघा.

इंटेल मॅक असताना एक मोकळीक होती. मशीन घेताना ग्राफिक्स कमी घेतलं तरी दोन वर्षांनी बॉक्स आणि एएमडी कंपनीचं रेडिऑन कार्ड घेऊन भर घालता यायची. ती मोकळीक आता नाही. ग्राफिक्स किती ताकदीचं आणि त्याला मेमरी किती, हे दोन्ही मशीन विकत घेता त्या दिवशीच कायमचं ठरतं. म्हणून खालची सगळी तपासणी खरेदीच्या आधी करायची आहे, आणि ती जुन्या मशीनवरच करायची आहे. जुनं मशीन विकून टाकल्यावर मोजायला काही उरत नाही. व्हिडिओ संपादन, थ्रीडी, मशीन लर्निंग किंवा गेमिंगसाठी इंटेल मॅकवर वेगळं कार्ड वापरत आलेल्यांसाठी हा लेख आहे.

आधी थोडं मागचं

मॅकओएसमध्ये बाहेरच्या ग्राफिक्स कार्डाला अधिकृत आधार मिळाला तो मार्च २०१८ मध्ये, हाय सिएराच्या १०.१३.४ आवृत्तीत. थंडरबोल्ट ३ असलेला मॅक आणि एएमडीचं ठरावीक कार्ड एवढं लागायचं. सुरुवातीला आरएक्स ४७०, ४८०, ५७०, ५८०, व्हेगा ५६ आणि ६४ अशी कार्डं चालायची. पुढे रेडिऑन ७, आरएक्स ५७०० एक्सटी आणि बिग सरच्या ११.४ पासून आरएक्स ६८०० व ६९०० एक्सटी आली. एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांचा रस्ता त्याआधीच बंद होत आला होता. २०१८ च्या मोहावेसाठी एनव्हिडियाचे वेगळे ड्रायव्हर आलेच नाहीत, आणि कूडा या एनव्हिडियाच्या गणनेच्या सॉफ्टवेअरची १०.२ ही मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली.

२२ जून २०२० ला ॲपलने स्वतःच्या चिपवर जाण्याची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये मॅकबुक एअर, १३ इंची मॅकबुक प्रो आणि मॅक मिनी ही एम१ वाली मशीनं आली. त्यांना थंडरबोल्ट होतं, पण ग्राफिक्स कार्डाचा आधार नव्हता. तरी खूप जणांना वाटत होतं की मॅक प्रो येईल तेव्हा काहीतरी सोय होईल. जून २०२३ मध्ये एम२ अल्ट्राचा मॅक प्रो आला, त्यात कार्डं बसवायचे चौथ्या पिढीचे सहा मोकळे पीसीआयई स्लॉटही होते. ध्वनी, नेटवर्क, स्टोरेज, व्हिडिओ कॅप्चर अशी कार्डं त्यात चालतात. ग्राफिक्स कार्ड चालत नाही.

कारण समजून घेतलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. एएमडीचे ड्रायव्हर इंटेलच्या मॅकओएससोबतच यायचे आणि सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालायचे. नव्या चिपवर चालणारे ड्रायव्हर ॲपलने दिले नाहीत. 'रोझेटा आहे ना, मग ते जुने ड्रायव्हर चालवेल की' असं वाटू शकतं. पण रोझेटा २ फक्त इंटेलसाठीच्या ॲप्सचं नव्या चिपसाठी भाषांतर करतं. कर्नलमधल्या गोष्टींना ते हात लावत नाही. त्यातून ॲपलने सगळी रचनाच वेगळी बांधली आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघे एकाच मेमरीवर काम करतात. कार्डाची वेगळी मेमरी आणि दोन्हींमधली ने-आण त्या रचनेत कुठे बसतच नाही.

पायरी १: आज तुमच्याकडे नेमकं काय आहे

ॲपल मेनूतून 'अबाउट धिस मॅक' उघडा. तिथे 'चिप' असं लिहून पुढे एम-काहीतरी असेल तर तुम्ही आधीच नव्या बाजूला आहात. 'प्रोसेसर' आणि पुढे इंटेल असेल तर पुढे चला. ऑप्शनचं बटण दाबून तोच मेनू उघडला की 'सिस्टीम इन्फॉर्मेशन' दिसतं. त्यात 'ग्राफिक्स/डिस्प्लेज' या भागात प्रत्येक कार्डाचं नाव, त्याची व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि मेटलचा (ग्राफिक्सशी बोलण्याच्या ॲपलच्या पद्धतीचा) आधार दिलेला असतो. व्हीरॅमचा आकडा लिहून ठेवा, तिसऱ्या पायरीत तो लागेल.

पायरी २: तुमची ॲप्स कार्डाशी कुठल्या मार्गाने बोलतात

'माझं ॲप नव्या मॅकवर चालतं का' एवढंच विचारून भागत नाही. चालतं, पण ग्राफिक्स वापरून चालतं का? बहुतेक फसगत इथेच होते.

मॅकवर ॲप चार मार्गांनी ग्राफिक्सपर्यंत पोचू शकत होतं: मेटल, ओपनसीएल, ओपनजीएल आणि कूडा. नव्या चिपवर भरवशाचा मार्ग एकच, मेटल. ओपनजीएल आणि ओपनसीएल ॲपलने २०१८ मध्येच जुने म्हणून जाहीर केले. ते अजून चालतात, पण ओपनजीएल ४.१ वरच अडकलेलं आहे, पुढे सरकणार नाही. कूडा तर नाहीच.

आता प्रत्यक्ष तपासणी. डाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रेफरन्सेसच्या 'मेमरी अँड जीपीयू' भागात जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) मोड दिसतो. तिथे मेटल हवं. प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या 'जनरल'मध्ये रेंडरर कुठला आहे ते बघा. जुन्या प्रोजेक्टमध्ये तिथे वेगळाच पर्याय राहून गेलेला असू शकतो. ब्लेंडरमध्ये प्रेफरन्सेस, मग 'सिस्टीम', मग सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररची रेंडर डिव्हायसेस. मेटलवर चालणारं सायकल्स मार्च २०२२ च्या ३.१ पासून मिळतं, त्यामुळे त्याहून जुन्या आवृत्तीवर अडून बसला असाल तर आधी ती बदला.

मग ॲप कुठल्या प्रोसेसरसाठी बांधलं आहे ते बघा. फाइंडरमध्ये ॲप निवडून 'गेट इन्फो' केलं की 'काइंड' या ओळीत 'युनिव्हर्सल', 'ॲपल सिलिकॉन' किंवा 'इंटेल' असं दिसतं. एकेक ॲप उघडत बसायचं नसेल तर सिस्टीम इन्फॉर्मेशनमधली 'ॲप्लिकेशन्स'ची यादी काढा आणि 'काइंड'च्या स्तंभावर क्लिक करा. सगळी इंटेलवाली एका जागी येतात.

प्लगइनचं (मुख्य ॲपला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरचं) मात्र या यादीत काही कळत नाही, आणि प्लगइनमध्येच जास्त जण अडकतात. मुख्य ॲप नव्या चिपसाठी असेल आणि प्लगइन फक्त इंटेलचं, तर ते प्लगइन लोडच होत नाही. त्याचं नाव मेनूतून गायब होतं किंवा टाइमलाइनवर त्या जागी इफेक्ट सापडत नसल्याची सूचना येते. त्यावर तात्पुरता उपाय असा की त्या ॲपच्या 'गेट इन्फो'मध्ये 'ओपन युझिंग रोझेटा'वर खूण करायची. मग ॲप आणि प्लगइन दोन्ही इंटेलच्या रूपात चालतात, पण वेग कमी होतो. शिवाय रोझेटाचे दिवस मोजके आहेत: मॅकओएस २७ पर्यंत ते पूर्ण मिळेल, त्यानंतर फक्त काही जुन्या गेम्सपुरतं राहील, असं ॲपलने सांगितलं आहे. म्हणून ज्या प्लगइनवर तुमचं पोट आहे त्याची यादी करा आणि प्रत्येकाच्या निर्मात्याच्या पानावर 'ॲपल सिलिकॉन नेटिव्ह' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते तपासा. 'कम्पॅटिबल' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बऱ्याचदा 'रोझेटावर चालतं' इतकाच असतो.

पायरी ३: मेमरी मोजा

सगळ्या पायऱ्यांत सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. एम-चिपमध्ये साधी, प्रो, मॅक्स, अल्ट्रा अशा चढत्या पायऱ्या असतात; चिप एक पायरी कमी घेतली तर काम हळू होतं. मेमरी कमी पडली तर काही कामं होतच नाहीत, आणि नंतर वाढवायचा कुठलाही मार्ग नाही.

जुन्या मशीनवर तुमचं सर्वांत जड प्रोजेक्ट उघडा. नेहमीचं नको, गेल्या वर्षभरात ज्याने मशीनला घाम फोडला तेच घ्या. ॲक्टिव्हिटी मॉनिटर सुरू करा आणि 'विंडो' मेनूतून 'जीपीयू हिस्टरी' उघडा. आतलं आणि बाहेरचं अशा प्रत्येक कार्डाचा आलेख वेगळा दिसतो. रेंडर किंवा एक्सपोर्ट लावा. बाहेरच्या कार्डाचा आलेख सतत वर टेकलेला राहिला तर तुमचं काम खरंच ग्राफिक्सवर चालतंय. तो अधूनमधून उसळून खाली येत असेल तर अडथळा दुसरीकडे आहे: डिस्क, प्रोसेसर किंवा फाइलचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत). हीच चाचणी बॉक्स काढून पुन्हा करा आणि वेळ मोजा. बॉक्स असताना आणि नसताना फारसा फरक पडला नाही, तर महागड्या चिपवर पैसे घालायची गरज नाही.

आता बेरीज. जुन्या मशीनवर रॅम आणि व्हीरॅम वेगवेगळ्या होत्या; नव्यावर एकच साठा आहे. त्याच जड कामाच्या वेळी ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या 'मेमरी' टॅबमध्ये 'मेमरी युज्ड' किती दिसते ते लिहा. त्यात कार्डाची भरलेली व्हीरॅम मिळवा. समजा रॅम २२ जीबी आणि ८ जीबीचं कार्ड पूर्ण भरलेलं, तर बेरीज ३०. हा आकडा थोडा चढा असतो, कारण जुन्या रचनेत तेच टेक्श्चर (थ्रीडी वस्तूवर चढवायचं चित्र) रॅममध्येही असायचं आणि कार्डावरही जायचं, नव्या रचनेत दुसरी प्रत टळते. तरी हिशोबात तो चढाच ठेवा. पुढच्या तीन-चार वर्षांत प्रोजेक्ट वाढणारच असतात.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. एकच साठा असला तरी सिस्टीम सगळा ग्राफिक्सला देत नाही. १६ जीबीच्या मशीनवर ग्राफिक्सच्या वाट्याला साधारण ११ जीबी येतात, ६४ जीबीच्या मशीनवर साधारण ४८. म्हणजे बेरीज ३० आली तर ३२ जीबीचं मशीन काठावरचं ठरतं. मी अशा वेळी ४८ किंवा ६४ घ्या असंच सांगेन, त्यासाठी चिप एक पायरी खाली आणावी लागली तरी.

आकडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून दोन उदाहरणं. ३८४० बाय २१६० ची एक फोरके फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला चार वाहिन्या आणि प्रत्येक वाहिनी १६ बिटची: ती एकटी साधारण ६६ एमबी होते. नॉइज रिडक्शनसाठी पुढच्या पाच आणि मागच्या पाच फ्रेम धरून एका वेळी ११ फ्रेम लागल्या, तर एका नोडला (इफेक्टच्या एका टप्प्याला) ७३० एमबी. त्यावर आणखी तीन-चार नोड, वर एटके टाइमलाइन म्हणजे सगळ्याची चौपट. ८ जीबीच्या कार्डावर 'जीपीयू मेमरी फुल' का यायचं ते यातून कळतं. थ्रीडीत ४०९६ बाय ४०९६ चं एक साधं आठ-बिट टेक्श्चर उलगडल्यावर सुमारे ६७ एमबीचं होतं. अशी शंभर टेक्श्चर असलेला देखावा वस्तूंच्या आकारांची माहिती धरण्याआधीच साडेसहा जीबी खातो.

याच जागी नवी रचना जुन्यापेक्षा खरोखर सरस आहे. एनव्हिडियाच्या ४०९० या कार्डाला २४ जीबी मेमरी असते. एम४ मॅक्सच्या मशीनला १२८ जीबीपर्यंत मिळते, एम३ अल्ट्राचा मॅक स्टुडिओ २०२५ मध्ये आला तेव्हा ५१२ जीबीपर्यंत मिळायची. कार्डात मावणार नाही असा देखावा किंवा भाषेचं मोठं मॉडेल इथे मावतं.

पायरी ४: चिप निवडताना कुठले आकडे बघायचे

ग्राफिक्स कोअरची संख्या फक्त एकाच पिढीत ताडून बघा. एम१ चे ८ कोअर आणि एम४ चे ८ कोअर सारखे नाहीत. थ्रीडी करणाऱ्यांनी एम३ पेक्षा जुनी चिप घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. प्रकाशाच्या किरणांचा माग काढण्याचं काम (रे ट्रेसिंग) हार्डवेअरमध्ये आलं ते ऑक्टोबर २०२३ च्या एम३ पासून, आणि सायकल्ससारख्या रेंडररमध्ये त्याचा फरक थेट जाणवतो. जुना एम१ मॅक्स स्वस्तात मिळतोय म्हणून थ्रीडीसाठी घेणाऱ्याने हे आधी तपासावं.

दुसरा आकडा मेमरीच्या वेगाचा. तो जाहिरातीत क्वचितच दिसतो. एम१ चा सेकंदाला ६८ जीबी, एम४ चा १२०, एम४ प्रोचा २७३, एम४ मॅक्सचा ५४६ पर्यंत. नवी पिढी म्हणजे वेग जास्तच, असं गृहीत धरू नका: एम१ प्रो आणि एम२ प्रोचा वेग २०० होता, एम३ प्रोमध्ये तो १५० वर आला. तुलनेसाठी, जुन्या आरएक्स ५८० ची मेमरी २५६ जीबी वेगाने चालायची आणि ४०९० ची सुमारे १००० ने. भाषेचं मॉडेल चालवताना शब्द किती भराभर येतात ते मुख्यतः याच आकड्यावर ठरतं.

व्हिडिओवाल्यांसाठी तिसरी गोष्ट आहे, मीडिया इंजिन. कॅमेऱ्याची फाइल उलगडणं आणि एक्सपोर्ट करणं हे काम ते करतं, आणि त्याचा कोअरच्या संख्येशी संबंध नाही. साध्या एम१ मध्ये प्रोरेस या ॲपलच्या व्हिडिओ प्रकाराचं इंजिन नव्हतं, एम१ प्रोपासून आणि साध्या चिपमध्ये एम२ पासून आलं. मॅक्स चिपमध्ये एन्कोड करणारी इंजिनं दुप्पट असतात. एव्ही१ या व्हिडिओ प्रकाराची फाइल उलगडण्याची सोय एम३ पासून. मुख्यतः कापणं, जोडणं आणि एक्सपोर्ट एवढंच करत असाल तर मधली चिप पुरते. रंगसंस्करण आणि नॉइज रिडक्शन जड असेल तरच मॅक्सकडे वळा.

पायरी ५: स्क्रीन मोजा

ग्राफिक्स बॉक्स फक्त जास्त स्क्रीन लावता याव्यात म्हणून घेतलेले बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी नियम वेगळे. साध्या एम१ आणि एम२ च्या मॅकबुकला बाहेरची एकच स्क्रीन लावता येते. एम३ च्या एअरला दोन लावता येतात, पण लॅपटॉपचं झाकण बंद करून. एम४ च्या एअरला झाकण उघडं ठेवूनही दोन. प्रो चिपला निदान दोन, मॅक्सला चार. मॅक मिनीत एम१ आणि एम२ ला दोन, एम४ ला तीन.

डॉक (एका केबलने बरंच काही जोडून देणारी पेटी) घेताना एक गोष्ट नक्की बघा. एका डिस्प्लेपोर्टमधून दोन वेगळ्या स्क्रीन चालवण्याची जी पद्धत इतर संगणकांवर चालते, ती मॅकओएसवर चालत नाही. तसा डॉक घेतला तर दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र येतं. एका एम१ किंवा एम२ मॅकबुकला दोन स्क्रीन हव्याच असतील तर डिस्प्लेलिंकचं ॲडॅप्टर हा मार्ग आहे. ते यूएसबीवरून चित्र पाठवतं, त्याचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. मेल, कागदपत्रं, कोड यासाठी ठीक आहे. रंग तपासायच्या स्क्रीनसाठी ते वापरू नका.

पायरी ६: काम मशीन लर्निंगचं किंवा गेमचं असेल तर

मशीन लर्निंगवाल्यांनी आधी स्वतःला विचारावं: मी मॉडेल शिकवतो की चालवतो? चालवण्यासाठी ही मशीनं उत्तम आहेत. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत साधारण ३५ ते ४० जीबी घेतं. ते २४ जीबीच्या कार्डात मावत नाही, ६४ जीबीच्या मॅकवर मावतं. मोठं मॉडेल शिकवण्यासाठी मात्र कूडाची जागा मॅक घेऊ शकत नाही. पायटॉर्च या लायब्ररीत मेटलचा मार्ग २०२२ पासून आहे, ॲपलची स्वतःची एमएलएक्स ही लायब्ररी डिसेंबर २०२३ मध्ये आली. पण थेट कार्डावर चालणारे, कूडासाठी हाताने लिहिलेले छोटे प्रोग्रॅम असलेली लायब्ररी तुमच्या कामात असेल तर ती इथे चालणार नाही. मेटलच्या मार्गाने ६४ बिटांच्या दशांश संख्याही चालत नाहीत. ज्या क्रिया तिथे उपलब्ध नसतात त्या प्रोसेसरवर ढकलायची सोय आहे. ती चालू केली की कोड चालतो, पण वेग कुठे जातोय ते शोधावं लागतं.

नव्या मशीनवर ग्राफिक्स दिसतच नाही अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा कारण साधं असतं. जुन्या मॅकवरून सगळं जसंच्या तसं हलवलं, आणि त्यासोबत इंटेलचं पायथन आलं. ते रोझेटावर गुपचूप चालतं आणि मेटलचा मार्ग 'उपलब्ध नाही' असं सांगतं. पायथनलाच मशीनचा प्रकार विचारा. उत्तरात आर्म (नव्या चिपचा प्रकार) आलं पाहिजे. एक्स८६ (इंटेलचा प्रकार) आलं तर पायथनची ती मांडणी दुरुस्त करत बसू नका, पायथनपासून सगळं नव्याने टाका.

प्रयोगाच्या पातळीवर एक अपवाद आहे. टायनीग्रॅड या मशीन लर्निंगच्या चौकटीच्या चमूने २०२५ मध्ये ॲपल सिलिकॉन मॅकला यूएसबीवरून एएमडीचं कार्ड जोडून त्यावर गणना करून दाखवली. ती त्यांच्याच चौकटीपुरती आहे. ना स्क्रीन चालते, ना ब्लेंडर, ना रिझॉल्व्ह. त्याच्या भरवशावर खरेदी करू नका. रोजच्या कामाला कूडा लागत असेल तर एनव्हिडियाचं कार्ड असलेला वेगळा लिनक्स संगणक ठेवून मॅकवरून त्यावर काम करणं हाच शहाणा मार्ग.

गेमसाठी बूट कॅम्प गेलं, हा मोठा बदल. इंटेल मॅकवर विंडोज टाकून कार्डाची पूर्ण ताकद मिळायची. आता आर्मचं विंडोज पॅरलल्स या ॲपमध्ये चालतं, पण सगळं ग्राफिक्स मेटलवर भाषांतर होऊन जातं. विंडोजचे प्रोग्रॅम मॅकवर चालवणाऱ्या क्रॉसओव्हर या ॲपमुळे आणि ॲपलच्या २०२३ च्या गेम पोर्टिंग टूलकिटमुळे विंडोजच्या डायरेक्टएक्स १२ वर बांधलेले बरेच गेम चालतात. कर्नलमध्ये बसणारी अँटी-चीट (फसवेगिरी रोखणारी) यंत्रणा असलेले ऑनलाइन गेम चालत नाहीत. तुमचा मुख्य गेम त्यातला असेल तर जुनं कार्ड विकू नका, पीसीत घाला.

पायरी ७: इंटेलवरच थांबायचं असेल तर

काहींसाठी हाच योग्य निर्णय आहे. २०१९ च्या मॅक प्रोत दीड टीबीपर्यंत रॅम आणि दोन-दोन ड्युओ कार्डं (एका कार्डात दोन ग्राफिक्स चिप) असलेल्यांचं काम अजून नीट चालत असेल तर घाई कशाला? पण मुदत माहीत असू द्या. मॅकओएस टाहो २६ ही इंटेलसाठी शेवटची आवृत्ती आहे, आणि तीही चारच इंटेल मॅकवर चालते: २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्ट पोर्टचा १३ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा २७ इंची आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. त्यानंतर सुरक्षेची अपडेट काही काळ येतील, नवी वैशिष्ट्यं नाहीत. ॲप्सचे निर्मातेही एकेक करून इंटेलची बाजू सोडतील. म्हणून जी आवृत्ती आज नीट चालते तिचे इन्स्टॉलर स्वतःकडे उतरवून ठेवा आणि मोठं प्रोजेक्ट मध्यावर असताना अपडेट करू नका.

पायरी ८: जुनं कार्ड आणि बॉक्स

साधं रेडिऑन कार्ड पीसीत सरळ बसतं. मॅक प्रोची एमपीएक्स मॉड्यूलं मात्र बसत नाहीत, त्यांची जोडणीच वेगळी आहे. ती मॅक प्रोसोबतच विका. बॉक्स थंडरबोल्ट असलेल्या विंडोज लॅपटॉपला चालतो. आतलं ग्राफिक्स कार्ड काढून ध्वनी किंवा नेटवर्कचं कार्ड घालून नव्या मॅकलाही वापरता येतो, फक्त त्या कार्डाला ॲपल सिलिकॉनचा ड्रायव्हर आहे का ते बघा.

पायरी ९: परत करण्याची मुदत संपायच्या आत

नवं मशीन आलं की तेच जड प्रोजेक्ट त्याच सेटिंगसह चालवा आणि जुन्या वेळेशी ताडून बघा. एकट्या प्रोजेक्टने चाचणी करू नका. ब्राउझर, मेल, संगीत, जे नेहमी उघडं असतं ते सगळं उघडं ठेवा, कारण मेमरी सगळ्यांची एकच आहे. ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या 'मेमरी' टॅबमधला 'मेमरी प्रेशर'चा आलेख हिरवा राहिला पाहिजे. काही क्षण पिवळा झाला तर चालेल. तासभराच्या कामात लाल होत असेल आणि 'स्वॅप युज्ड' (मेमरी कमी पडल्यावर डिस्कवर वापरलेली जागा) काही जीबींनी वाढत असेल, तर मेमरी कमी घेतली आहे. मशीन परत करून जास्त मेमरीचं घ्या.

मग एक फ्रेम दोन्ही मशीनवर एक्सपोर्ट करून एकावर एक ठेवा आणि ब्लेंड मोड 'डिफरन्स' करा. चित्र जवळजवळ काळं यायला हवं. कुठे रंगाचा पट्टा किंवा चौकोनी डाग दिसला तर तिथला इफेक्ट एकेक बंद करून गुन्हेगार शोधा. बहुतेकदा तो न अपडेट झालेला प्लगइनच निघतो. चालू असलेलं प्रत्येक प्रोजेक्ट असं तपासून होईपर्यंत जुनं मशीन, बॉक्स आणि कार्ड जोडलेल्या अवस्थेतच राहू द्या.